लेगला काकीचं अंगण

शून्यावर आऊट झालेल्या माणसाचा सत्कार करायचा की नाही, याबद्दल शेणव्याकडे कुठलीच पद्धत पडलेली नव्हती. पडणार कशी? शून्यावर आऊट व्हायला इथलं कुणी इंडियाच्या टीमपर्यंत पोचलंच नव्हतं.

त्यामुळे सोमवारी सकाळी भगीरथ ओटीवर बसून एकट्याने पद्धत पाडायच्या खटपटीत होता. मांडव घालून झाला होता. दोनशे माणसांच्या कोंबड्या सांगून झाल्या होत्या. मुरबाडहून मेव्हणा मंगेश शाल-नारळ घेऊन निघाला होता. आणि वाडीच्या फाट्यावर बारा फुटी बॅनर लागला होता. त्यावर प्रणयचा बॅट उंचावलेला फोटो आणि खाली मजकूर : ‘पदार्पणातच ...... धावा! शेणव्याच्या वाघाचं हार्दिक अभिनंदन!’

ती मोकळी जागा भगीरथनेच सोडायला लावली होती. मॅच व्हायच्या आधी आकडा कसा छापणार? म्हणून शहापूरच्या बॅनरवाल्याने चिकटवायचे आकडे वेगळे कापून दिले होते. ‘कुठले देऊ?’ असं त्याने विचारलं तेव्हा भगीरथ क्षणभरही न थांबता म्हणाला होता, ‘एक एक्का दे आन् दोन शून्यं.’

“शून्य तर हाय आपल्याकडं,” खांबाला टेकून बसलेला म्हातारा चांगो म्हणाला. “एक लाव. दुसरं जपून ठेव.”

“बाबा!”

“आरं, बिस्तरवारी परत म्याच हाय ना पुन्याला?”

भगीरथने बापाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. चांगोला ऐंशी वर्षांत कुणाच्या बघण्याने काही झालेलं नव्हतं.

“अवो, ते आकडं र्‍हाऊ द्या,” कविता आतून वाटणाचे हात घेऊन बाहेर आली. “सत्कार व्हनार. पोरगा दुपारी येतोय. कोंबड्या कापून झाल्या. आता त्यांना काय सांगू, उठा, धावा झाल्या नाय म्हनून?”

“लोक हसतील गो.”

“हसू दे. जेवताना मानसं हसली तर चांगलंच.”

लोक हसतील ही गोष्ट भगीरथला तेवढी लागत नव्हती. ते कुणाकडे बघून हसतील, हे लागत होतं. कारण काल रविवारी, याच मांडवात, पडद्यावर मॅच बघताना जे झालं ते गावात सगळ्यांनी पाहिलं होतं.

मुंबईत इंडियाची दुपारची मॅच. अठरा बॉल, तीस धावा हव्या, आणि प्रणय खेळायला उतरला. मांडवात फटाक्यांची माळ पेटवून तयार ठेवली होती. म्हणजे पेटवली नव्हती, पण एका पोराच्या हातात उदबत्तीची पेटती काडी होती. पहिला बॉल पायावर आला. प्रणयने तो बॅटने नुसता दाबून ठेवला. दुसराही पायावर. दाबला. तिसरा फुलटॉस, तोही पायावर. असला बॉल की झोपलेल्या माणसालाही तो मारायला जाग यावी. तिकडे लेगला चिटपाखरू नव्हतं. प्रणयने बॅट उचलली, डावीकडे एक नजर टाकली आणि काय वाटलं कोण जाणे, बॅट बाजूला घेऊन बॉल सोडून दिला. बॉल त्याच्या पॅडला लागला आणि तिथून आरामात स्टंपांवर गेला.

त्याच वेळी काडीने पोराचं बोट भाजलं आणि माळ लागली. इंडियाचा खेळाडू शून्यावर परत चालला होता आणि शेणव्यात पाच मिनिटं फटाके वाजत होते.

त्याआधी फिल्डिंगला त्याने दोन कॅच सोडलेच होते. तेही लेगला उभा राहून.

पण खरं झालं ते मॅच संपल्यावर. टीव्हीवर कोट घातलेला एक जाणकार आला. त्याने पडद्यावर मैदानाचं एक गोल चित्र काढलं आणि प्रणयच्या आजवरच्या सगळ्या धावांच्या रेघा दाखवल्या. उजवीकडे रेघाच रेघा, जणू खराटा. डावीकडे पांढरं मैदान. “बघा,” तो म्हणाला, “या बाजूला आयुष्यात एक धाव नाही. समोरच्या टीमने लॅपटॉपवर हे पाहिलं आणि सगळे बॉल पायावर टाकले. मला एकच कळत नाही. हा मुलगा या बाजूला घाबरतो तरी कुणाला?”

मांडवातल्या अडीचशे माणसांनी एकदम माना वळवल्या. तारेच्या कुंपणापलीकडे, स्वतःच्या अंगणात, तांदळाच्या पापड्या उलटत सकुबाई उभी होती.

*

“मी काय केलं?” सोमवारी सकाळपासून सकुबाई हे एकच वाक्य घरभर घेऊन फिरत होती. “आं? मी काय म्हनली त्याला, इंडियाकडनं खेळू नको म्हनून?”

“आई, चौदा वर्सं तू एक बॉल परत दिला नायस,” दिपाली म्हणाली. ती आईची एकुलती एक मुलगी आणि या घरातला विरोधी पक्ष.

“माझ्या पापड्यांत पडायचं ते! वाळवनं घालू का नको बाईमानसानं?”

ही गोष्टही खरी होती. भगीरथच्या अंगणात पोरं खेळायची. घराच्या भिंतीला स्टंप, समोर गोठ्याकडून बॉलिंग. उजवीकडे वालाचं शेत, कितीही मारा. डावीकडे आठ हातांवर कुंपण आणि कुंपणापलीकडे सकुबाई. पोरांनी नियमच केला होता : डावीकडे गेला तर आऊट, आणि बॉल संपला. नऊ वर्षांचा असल्यापासून प्रणयने तो नियम पाळला. इतका पाळला की त्याच्या उजवीकडच्या फटक्यांना पेपरवाले ‘नजाकत’ म्हणायला लागले.

“बघ, तुझी रील आलीय,” दिपालीने मोबाइल पुढे केला. कुणीतरी कालच्या मांडवातून तिचं शूटिंग केलं होतं. कमरेवर हात, हातात उलथनं, खाली अक्षरं : ‘इंडियाच्या लेगसाइडची मालकीण’.

सकुबाई लाल झाली. “कोनी काडली ही? जीभ झडो त्याची! किती जनांनी बघितली?”

“चार लाख.”

“किती?”

“चार लाख, आई.”

सकुबाई जरा थांबली. मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “आन् लुगडं ह्ये फाटकं. जरा सांगून तरी काडायची.”

या सगळ्यात सुरेंद्र, तिचा नवरा, पाटावर बसून नाचणीची भाकरी खात होता. भगीरथचा मोठा भाऊ. चौदा वर्षांत धाकट्या भावाशी तो एक शब्द बोलला नव्हता, आणि बाकीच्यांशीही बेताचंच बोलायचा, म्हणजे भगीरथला वाटू नये की त्याच्यावरच राग आहे.

“बाबा,” दिपाली त्याच्याकडे वळली, “काल तिसर्‍या बॉलला तुमी ‘मार ना रं पोरा’ म्हनून ओरडलात. भगीरथकाकाच्या मांडवात आयकू गेलं.”

“मी नाय ओरडलो.”

“ताट उडालं तुमचं.”

“घसरलं,” सुरेंद्र म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. पण त्याला काल रात्री झोप लागली नव्हती. पोराचा हात वर जातो आणि डावीकडे बघून खाली येतो, ते त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ते कुंपण त्याने स्वतःच्या हाताने घातलं होतं. ते घालताना त्याच्या मनात फक्त भगीरथ होता. पोराचं त्याला सुचलंच नव्हतं.

*

प्रणय आसनगावला उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी आणि त्यावरून टॉवेल होता. टीमने दीड दिवसाची मोकळीक दिली होती. मंगळवारी दुपारी पुण्याला हजर. तो शहापूर-शेणवा जीपमध्ये मागे कोपर्‍यात बसला आणि गाडी सापगावच्या पुलावर यायच्या आत ड्रायव्हर आदेशने विषय काढला.

“आमच्याच बाजूचा पोरगा हो. पन काय केलं त्यानं? फुलटॉस सोडतो? माझी आजी मारील फुलटॉस.”

“आजी कशी हाय?” पुढच्या सीटवरच्या म्हातार्‍याने विचारलं.

“वारली. तरी मारील.”

जीप हसली. प्रणयलाही हसावं लागलं, नाहीतर संशय आला असता.

“तुमी बघितली का म्याच?” आदेशने आरशातून विचारलं.

“थोडी.”

“काय वाटलं?”

“बेकार खेळला,” प्रणय मास्कमधून म्हणाला.

“बेकार? ह्याला बेकार म्हनता? तुमी फारच चांगलं बोलता लोकांबद्दल. कुठले?”

“नाशिकचा.”

“तरीच.”

वाडीच्या फाट्यावर बॅनर दिसला. आदेशने गाडी थांबवली आणि मजकूर मोठ्याने वाचला. मोकळ्या जागेत कुणीतरी, बहुतेक चांगोनेच, एक शून्य चिकटवलं होतं. ‘पदार्पणातच ० धावा! शेणव्याच्या वाघाचं हार्दिक अभिनंदन!’

प्रणय खाली उतरला. गर्मीने जीव चालला होता म्हणून टॉवेल काढला, मास्क काढला. आदेशने बॅनरकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत बॅनरकडे पाहिलं.

“दादा,” तो अगदी हळू म्हणाला, “एवढं बोललो ते मनात धरू नका. एक सेल्फी?”

*

सत्कार दुपारी चारला सुरू झाला आणि सुरू होताच बिघडला, कारण मंगेशमामाने भाषण आधीच लिहून आणलं होतं.

“आपल्या सर्वांच्या लाडक्या शतकवीराचं...” त्याने सुरुवात केली.

“शून्य, मामा, शून्य,” पुढून कुणीतरी म्हणालं.

“मला म्हाईत हाय!” मंगेश माइकवरूनच ओरडला. “तीन दिवस बसून लिवलंय. आता पाठ झालंय, बदलनार नाय. ज्याला आयकायचं त्यानं आयका, ज्याला जेवायचं त्यानं जेवा. शतकवीराच्या त्या अविस्मरणीय खेळीने...”

भाषणात प्रणयने चौदा चौकार आणि पाच षटकार मारले. लोकांनी प्रत्येकाला टाळ्या वाजवल्या. शाल घालताना मंगेशने भाच्याच्या कानात सांगितलं, “पुढच्या म्याचला ह्येच भाषन चालवून घेऊ. तू फक्त तेवढं मार.”

ते ऐकून प्रणय पुढे आला. त्याने माइक घेतला. कविता कोंबडीच्या पातेल्याशी उभी होती, ती डाव हातात धरून तशीच राहिली. आपलं पोरगं बोलणार्‍यातलं नव्हतं.

“पुढची म्याच...” प्रणय म्हणाला, “म्हंजे, बिस्तरवारची, ती शेवटचीच हाय समजा. कोचनी सांगितलंय, सगळे बॉल पायावरच येनार. मारलेस तर टीममधी र्‍हाशील. नाय मारलेस तर परत बोलावतील असं वाटत नाय.”

पंक्तीत वाढणारे थांबले.

“मग मार ना,” चांगो म्हणाला. “तेवडीच तर गोष्ट हाय.”

“येत नाय, आजा. जाळीत मारतो. तिथं चारी बाजूनी जाळी आसते, बॉल जातोच कुठं? मोकळ्यावर हात उचलला की...” त्याने डावीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. “की कानात काकीचा आवाज येतो.”

“माझं नाव कशाला घेतोस, मेल्या!” कुंपणापलीकडून आवाज आला.

सकुबाईला सत्काराचं बोलावणं नव्हतं, त्यामुळे ती चार वाजल्यापासून कुंपणाला टेकून सत्कार बघत होती. आज चांगलं हिरवं पातळ नेसून. तिच्या मागे दिपाली, आणि तिच्याही मागे, आपण सहज उभे आहोत असं दाखवत, सुरेंद्र.

प्रणय तो आवाज ऐकून दोन पावलं मागे सरकला. इंडियाचा खेळाडू, अंगावर शाल, हातात नारळ. अडीचशे माणसांनी ते पाहिलं, आणि सकुबाईनेही पाहिलं. तिच्या तोंडावरचा राग जागच्या जागी विरघळला.

“आरं... खरंच भ्येतो का रं तू मला?”

प्रणयने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

“अवो,” कविता नवर्‍याजवळ आली. तिने आवाज हळू ठेवला, पण मांडवात आता इतकी शांतता होती की तो कुंपणापर्यंत गेला. “जा. भावजींना बोला. उद्या सकाळपुरतं कुंपन काडा म्हना. पोराला मोकळं मारू दे त्या बाजूला.”

“मी?”

“मग कोन? कोंबड्या जातील का?”

चौदा वर्षांपूर्वी मुरबाडच्या टेनिस क्रिकेटच्या फायनलला भगीरथ अंपायर होता. शेवटच्या बॉलला दोन धावा हव्या होत्या, बरोबरी झाली तर बक्षीस समोरच्या टीमचं, आणि स्ट्राइकवर त्याचा सख्खा भाऊ. बक्षीस होतं एक बोकड, काळा, तालुक्यात नाव असलेला. सुरेंद्रने मारला, दुसरी धाव पळाला, स्टंप उडाले तेव्हा बॅट रेषेत टेकली होती की नाही कुणाला कळलं नाही. समोरची टीम हरलो म्हणून खाली मान घालून चालायला लागली होती. तेवढ्यात भगीरथने बोट वर केलं. आऊट. समोरच्या टीमने आपण जिंकल्याचं दोनदा विचारून घेतलं. बोकड गेला, आणि दुसर्‍या दिवशी सकाळी कुंपण आलं.

आपण भाऊ बघितला नाही, खरं बघितलं, या एका गोष्टीवर भगीरथ चौदा वर्षं ताठ मानेने जगला होता. तो मांडवातून कुंपणापर्यंत चालत गेला. तेवढं अंतर त्याला मुरबाडइतकं लांब वाटलं.

“दादा,” तो म्हणाला. “उद्या सकाळपुरतं, पोराला तुझ्या बाजूला मारू दे.”

सुरेंद्र पुढे आला. दोघांच्यामध्ये तीन तारा.

“देतो,” तो म्हणाला. “आदी सांग. मी आऊट होतो का नॉट आऊट?”

कविता मागून डोळ्यांनी, मानेने, हातातल्या डावाने खुणा करत होती : नॉट आऊट म्हणा, नॉट आऊट. मंगेशने तर तोंडाने शब्द करून दाखवला. एवढं एक खोटं. पोराचं आयुष्य त्यावर होतं. भगीरथने पोराकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं. ओठ उघडले, मिटले, परत उघडले.

“...आऊट होतास.”

कविताने कपाळावर हात मारून घेतला. हातात डाव होता हे ती विसरली होती.

सुरेंद्रच्या मिशीच्या आत कुठेतरी काहीतरी हललं.

“होतो,” तो म्हणाला. “येक वीत बाहेर होतो. मला म्हाईत हाय.”

“आं?” भगीरथचे डोळे मोठे झाले. “मग चौदा वर्सं...”

“पन त्यांनी अपील कुठं केलं होतं रं? ते तर घरी चालले होते! कोनी मागितलं नाय आन् तू बोट वर केलंस! सख्ख्या भावाला!”

“आऊट म्हंजे आऊट! अपील कशाला लागतं?”

“लागतं!”

“नाय लागत!”

“बाबा, तुमी होता तिथं,” भगीरथ बापाकडे वळला. “सांगा.”

“मी बोकडाकडं बघत होतो,” चांगो म्हणाला. “फार सुंदर जनावर.”

दोन्ही भावांनी एकाच वेळी प्रणयकडे पाहिलं. मग दिपालीने, मग सकुबाईने, मग मांडवाने. शेवटी त्या तालुक्यात क्रिकेटचे खरे नियम माहीत असलेला माणूस एकच होता आणि तो शाल सावरत पळायची वाट शोधत होता.

“बोल,” सुरेंद्र म्हणाला. “इंटरन्याशनल हायस ना? अपील नसलं तर अंपायर आऊट देतो का?”

प्रणयने बापाकडे पाहिलं. बाप त्याच्याकडे अशा खात्रीने बघत होता, की कालच्या फुलटॉसपेक्षा हा बॉल सोडावासा वाटला.

“नाय देत, पप्पा,” तो म्हणाला. “अपील नाय तर आऊट नाय. नियमच हाय.”

भगीरथ खाली बघायला लागला. चौदा वर्षं सांभाळलेली ताठ मान हळूहळू खांद्यांत गेली. कविताला एकदम त्याची दया आली, तीही कपाळ चोळता चोळता.

“मंग चुकलं माझं, दादा,” तो म्हणाला. “मला नियम ठावा नव्हता.”

“तू खोटं बोलला नायस ना,” सुरेंद्र म्हणाला. “आत्ताच म्हनाला आसतास ना नॉट आऊट, तर येक तार काढली नसती.” मग तो घराकडे वळून ओरडला, “दिपे! पक्कड आन गो!”

“अवो, थांबा,” सकुबाई मध्ये पडली. “सकाळच्याला माझ्या पापड्या हायत.”

“आई!”

“बरं, बरं. सकाळी मारू दे. मी दुपारनं घालीन.” ती प्रणयकडे वळली. “पन जेवाय तर बोलवा कोनीतरी. चार वाजल्यापासनं रश्श्याचा वास घेते.”

*

मंगळवारी सकाळी सात वाजता कुंपणाचे खुंट तेवढे उभे होते. तारा गुंडाळून गोठ्यात टाकल्या होत्या. सकुबाईने कणगीतून चौदा वर्षांचे बॉल काढून अंगणात ओतले : लाल, पिवळे, हिरवे, काही उंदरांनी कुरतडलेले, एक निम्मा. दिपालीने मोजायला सुरुवात केली आणि साठच्या पुढे आईकडे बघून सोडून दिलं. तरी प्रणयने आपल्या किटमधले खरेच बॉल काढले, कारण पुण्याला टेनिसचा बॉल कुणी टाकणार नव्हतं.

बॉलिंगला सुरेंद्र. वय बावन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण डावखुरा हात अजून जिथे म्हणेल तिथे टाकणारा. भगीरथ सवयीने अंपायरच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

“तू तिथं कशाला?” सुरेंद्रने विचारलं.

“कोनीतरी लागतं.”

“बोट खिशात घालून उभा र्‍हा.”

पहिला बॉल पायावर आला. प्रणयचा हात वर गेला, नजर डावीकडे गेली. काकी दारात उभी होती. हात खाली आला. बॉल भिंतीला लागला.

“काय रं हे!” चांगो ओटीवरून ओरडला. “तिसरं शून्य कुठून आनू?”

दुसरा बॉल. प्रणयने डोळे मिटले आणि मारला.

लागला. असा लागला की वाडीतले कावळे उडाले. बॉल सुरेंद्रच्या न्हाणीघराच्या वर गेला, टाकीच्या पाइपवर आदळला, पाइप तुटला आणि पाण्याची चिळकांडी थेट सकुबाईच्या अंगावर आली.

“कोन रं तो मुडद्या!” सकुबाईचा आवाज फाट्यापर्यंत गेला.

पुढचं इतक्या पटकन झालं की कुणाला काही कळलं नाही. प्रणयने बॅट टाकली आणि पळाला. पॅड बांधलेले, हेल्मेट घातलेलं, तसाच वालाच्या शेतातून, बांधावरून उडी मारून, गोठ्यामागे.

क्षणभर सगळे त्याच्या मागे बघत राहिले. मग चांगोच्या पोटातून आधी हसू फुटलं, मग दिपालीच्या, मग ओल्या सकुबाईच्या. सुरेंद्रला तर हसताना गुडघ्यांवर हात ठेवून बसावं लागलं, आणि त्याला आधार द्यायला भगीरथ गेला तर तोही शेजारी बसला. पाइपमधून पाणी उडत होतं आणि कुणालाही तो बंद करायचं सुचत नव्हतं.

गोठ्यामागे प्रणय म्हशीच्या आडोशाला उभा होता. तेवीस वर्षांचा घोडा, गुरुवारी इंडियासाठी खेळायचंय, आणि आपण काकीला घाबरून म्हशीमागे. त्यालाच लाज वाटली. तेवढ्यात पावलं वाजली. केसांतून पाणी निथळत असलेली सकुबाई समोर येऊन उभी राहिली.

“आरं, मी नाय ओरडले,” ती म्हणाली. “म्हंजे, ओरडले. तोंडाची सवय हाय रं बाबू. तुझी जशी पायांची.”

“पाइप फुटला ना काकी.”

“फुटू दे. तुझा काका बांधील. इतकी वर्सं नुसतं कुंपनच बांधून बसलाय.” तिने त्याचं हेल्मेट सरळ केलं, जसं लहान पोराची टोपी करतात. “चल. मी दारात नाय उभी र्‍हात. आत जाऊन कडी लावते.”

“नको,” प्रणय जरा विचार करून म्हणाला. “तू उभी र्‍हा. दारातच. पुन्याला कडी कोन लावनार?”

मग सगळे परत आपापल्या जागी गेले. सकुबाई दारात, पदर पिळत, ओठ घट्ट आवळून. भगीरथ हात खिशात घालून. सुरेंद्र चार पावलं मागे गेला, गुडघा एकदा दाबला आणि आला.

बॉल पायावर पडला. प्रणयने या वेळी डोळे उघडे ठेवून मारला. हाताला नुसता हलकेपणा जाणवला, जसा बॉल चांगला लागल्यावर जाणवतो. पाय पळायला निघाले होते, त्याने ते जागीच दाबून धरले.

आणि मग त्याने मान वर केली. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून लेगला मारलेला बॉल कुठे जाऊन पडतो, हे त्याने एकदाही थांबून पाहिलं नव्हतं. तो काकीच्या डोक्यावरून गेला, कौलांवरून गेला, मागच्या आंब्यावरूनही गेला. आंब्याच्या पलीकडे इतकी मोकळी जागा आहे, हे त्याला माहीतच नव्हतं.

दारात सकुबाई दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून उभी होती.

“काका,” प्रणय बॅट आपटत म्हणाला, “अजून एक टाका. तिथंच.”